चावीची घड्याळं

१३ एप्रिल २०२५, रविवार
कूलर लावला. म्हणजे घड्याळांची बदली आली. कूलरच्या खोलीत ठेवली तर दमट हवेने डायलच्या कडेला ठिपके पडतात. बाहेरच्या खोलीत ठेवावीत तर उन्हाने आतलं तेल पातळ होऊन नको तिकडे पसरतं. शेवटी देवघराखालचा कप्पा रिकामा केला. हे म्हणाले, "वर देव, खाली एचएमटी. फुलं कोणाला वाहायची?"
सगळ्यांना चावी दिली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर. कांचन ऑटोमॅटिक, त्याला नुसतं हलवलं. पायलटची चावी शेवटच्या फेऱ्यांत कचकचते आणि मागे सटकते. घड्याळजी उस्तादांना दाखवणे.

१६ एप्रिल
चंद्रपूर-गडचिरोली वाटेवर, मूलच्या बस स्टँडवर शेजारी बसलेली बाई: "जेन्ट्स घड्याळ काऊन घातलं जी?"
आवडतं म्हणून, म्हटलं.
तिने माझं मनगट धरून नीट पाहिलं. "हाव. आकडे मोठे हायेत."

२४ एप्रिल, गुरुवार
परवापासून दहा लाखांवरच्या घड्याळावर एक टक्का टीसीएस कर. बँकेच्या शाखेत सगळे हसले. गडचिरोलीत कोण घेतंय दहा लाखांचं घड्याळ?
दुपारी लॉकरचे एक खातेदार आले. कोळशाच्या गाड्या आहेत त्यांच्या. लॉकर उघडून थेट माझ्या टेबलाशी. "मॅडम, तुम्हाला समजतं म्हणतात." मोठा खोका, त्यात लहान खोका, कार्ड, सर्टिफिकेट, मग एकदाचं घड्याळ. रिव्हर्सो. मागे क्रमांक कोरलेला, इतक्यांपैकी इतकावा.
बोटाने चौकट सरकवली, उलटी केली. खट्. पुन्हा सुलटी. खट्. इतकं नेमकं बसणारं काही मी आजवर हातात धरलं नव्हतं.
त्यांना सांगितलं, हे आपल्याकडच्या पोलोमुळे जन्माला आलं. हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळाच्या काचा खेळताना फुटायच्या, म्हणून १९३१ मध्ये पाठ फिरवणारी चौकट काढली. "असं काय?" म्हणाले. "दुकानदारानं तं फक्त नंबर सांगितला."
घालता का?
"कोळशाच्या धुळीत? पागल हो का मॅडम?"
खोक्यात खोका, लॉकर बंद.

२५ एप्रिल
माझी आरडी ऑक्टोबरात मॅच्युअर होते. ती कशासाठी आहे ते घरात फक्त मला माहीत आहे. एक स्विस. नवं. मागे क्रमांक असलेलं.

२६ एप्रिल
झोप नीट नाही. उकाडा आणि खट्.

२७ एप्रिल, रविवार
गोल बाजार. उस्तादांचं टेबल आणखी आखडलंय. अर्ध्या काउंटरवर मुलाची मोबाइलची कव्हरं, टेम्पर्ड ग्लास, चार्जर. उस्ताद कोपऱ्यात, डोळ्याला भिंग, अंगावर लोंबणाऱ्या इअरफोनच्या वायरी.
पायलट उघडलं. चावीच्या चाकाचे दोन दात झिजलेत. त्यांनी खालचा ड्रॉवर ओढला. कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या, ओळीने. झाकणांवर चिकटपट्टी, त्यावर उर्दूत काहीतरी. एक डबी हलवली, आवाजावरून परत ठेवली. दुसरी हलवली. हीच. चिमट्याने चाक काढलं, दिव्याकडे धरलं, बसवलं. चावी फिरवली, आवाज गोल आला.
एचएमटीचं घड्याळखातं बंद करायचं सरकारने २०१६ च्या जानेवारीत ठरवलं. आता सुटा भाग म्हणजे असा कोणाचा तरी ड्रॉवर.
पैसे किती, विचारलं. "द्या काही. चाक तं मी विकत घेतलेलंच नव्हतं, अब्बाच्या टैमचं आहे."

११ मे, रविवार
सिंदेवाही तालुक्यात काल तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघिणीने मारल्या. एकाच दिवशी तिघी. ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची असतात, म्हणून पहाटे जातात.
आज घड्याळांना चावी दिली नाही.

१९ मे, सोमवार
पासबुक भरायला एक आजोबा. निवृत्त वनरक्षक, आलापल्लीकडे सगळी नोकरी. खिडकीतून पासबुक पुढे केलं आणि बाही वर सरकली. जनता. पण डायलवर आकडे देवनागरी. 12 ऐवजी १२ आपलं. ३, ६, ९ आपले.
मी पासबुक घेतलंच नाही, मनगटच पाहत राहिले.
"खराब नाई हाय जी," ते म्हणाले. "चालू हाय."
कुठून घेतलं? "माह्या सासऱ्यानं लगनात देल्लं. एकोणऐंशीत."
विकणार का, हे विचारायची जागा बँकेची खिडकी नव्हे, तरी विचारलं. मागच्या रांगेतली माणसं हसली. ते हसले नाहीत. "मंग टैम कशात पाहू?"

२२ मे
विचार थांबत नाही. कंपनीने देवनागरी आकड्यांची जनता काढली होती हे खरं. पण नंतर डायल रंगवून देवनागरी केलेलीही बाजारात पुष्कळ. खरं की रंगवलेलं, ते नुसतं वरून पाहून मी सांगणार नाही. डायलची कड पाहायला हवी, अक्षरांची जाडी भिंगाखाली पाहायला हवी.

३ जून
पुण्याहून भाच्याने फोटो पाठवला. फाव्र-लूबा, सी-चीफ, निळंशार डायल, "न वापरलेलं". घेऊ का मावशी?
नाही. पन्नास वर्षांच्या घड्याळाचा रंग कालचा दिसतोय. अक्षरं फुगलेली. सेकंदकाटा दुसऱ्याच घड्याळाचा, मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नाही. चावी तिसऱ्याची. परदेशातले संग्राहक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि दूर पळतात.
त्याला मोठा मेसेज लिहिला. फाव्र-लूबाची मुळं १७३७ ची, ल लॉक्ल गावातली. १८६५ मध्ये त्या घरातला माणूस हिंदुस्थानात व्यापाराला आला, मग मुंबईत त्यांचं बस्तानच बसलं. आपल्या आजोबांच्या पिढीला स्विस म्हणजे फाव्र-लूबा. २०११ मध्ये टायटनने नाव विकत घेतलं, २०२३ मध्ये ते इथॉसच्या घराकडे गेलं. म्हणजे नाव आजही भारतीय हातात.
पुढे हेही लिहिलं की डायल रंगवणारे कारागीर लबाड नव्हते. गिऱ्हाइकालाच लग्नाच्या आधी घड्याळ नवं दिसायला हवं असे, ते करून देत. लबाडी सुरू होते ती "न वापरलेलं" या शब्दांपाशी.
भाच्याचं उत्तर: अंगठा.

८ जून
मृग लागला. पाऊस नाही. सोनाच्या काचेला आतून धुकं. पाठ उघडून तांदळाच्या डब्यात न ठेवता (सगळे सांगतात तसं, पण त्याने पिठूळ धूळ आत जाते) दिव्याखाली ठेवलं. गेलं.

९ जुलै, बुधवार
तीन दिवसांची झड. नदीनाले पुलांवर. भामरागड परत तुटलं. चंद्रपूरची बस सुटणार नाही म्हणाले, सहकारी बाईंच्या घरी मुक्काम. रात्री लाइट नाही. फोन संपला. त्यांच्या सासूबाई सारखं विचारत होत्या किती वाजले. माझं घड्याळ त्या घरातलं एकमेव चालू घड्याळ. भिंतीवरच्याचा सेल गेलेला.

११ जुलै
आजोबांचा नातू बँकेत. "आजोबाच्या घड्याळात पाणी गेलं. बंद पडलं. आजोबा म्हंते, त्या मॅडमले इचार."

२६ जुलै, शनिवार
चौथा शनिवार, सुट्टी. आजोबा डोळे दाखवायला चंद्रपूरला आले होते, तिथून गोल बाजारात. नातू सोबत.
उस्तादांनी घड्याळ आधी कानाला लावलं. बंद घड्याळ का लावतात कानाला, मला अजून कळलेलं नाही. मग पाठ उघडली. आतून गंज नाही, फक्त एका कडेला ओल. "वक्तावर आणलं."
डायल काढून मला भिंग दिलं. कड पाहिली. अक्षराखाली दुसरं अक्षर नाही, ब्रशचा माग नाही, भोकाभोवती जुना रंग डोकावत नाही. छपाई बारीक, एकसारखी. कंपनीचंच.
मी काही बोलले नाही. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना समजलं.
मग त्यांनी सुटं झाकण उलटं करून दिव्याखाली धरलं. आत सुईने ओरखडलेल्या खुणा. घड्याळजी दर सर्व्हिसिंगला झाकणाच्या पोटात तारीख आणि आपली खूण ओरखडतात, बाहेरून कोणाला दिसत नाही. एक खूण ८१ ची. एक ८८. एक तिरकी, पुसट, वाचता येईना. एका कोपऱ्यात चंद्रकोरीसारखं वळण आणि खाली ९४.
उस्तादांनी अंगठ्याने ती जागा पुसली. परत पाहिली. "हा अब्बाचा हात."
आजोबा म्हणाले, "असंल. मार्च अखेरीले चांद्याले येत होतो, तवा देल्लं असंल."
सगळं खोलून पेट्रोलमध्ये धुतलं, वाळवलं, तेलाचे थेंब सुईच्या टोकाने. बॅलन्स बसवला आणि तो आपोआप सुटला, डावी-उजवी, डावी-उजवी. नातू इतका वाकला की उस्तादांनी त्याचं कपाळ बोटाने मागे सारलं.
शेवटी झाकणात सुईने नवी खूण. मी पाहिली नाही, त्यांनी हाताआड केली.

२७ जुलै
आकडा सांगितला होता काल आजोबांना, चहा पिताना. चांगला आकडा. ते म्हणाले, "पैसे तं पेन्शनचे येतेच जी."

१४ ऑगस्ट
शेजारचे वीज केंद्रात आहेत. त्यांचं जुनं घड्याळ एकाएकी तासाला मिनिटभर पुढे पळू लागलं. उस्तादांकडे न्यायच्या आधी होकायंत्र जवळ धरलं, सुई डुलली. चुंबक चढलंय. केसासारखी कमान स्वतःलाच चिकटते, आखडते, आणि घड्याळ धावतं. उस्तादांच्या यंत्रातून एकदा फिरवलं, ठीक.
२९२० मेगावॉटचं केंद्र, रोज त्या जनित्रांजवळून जाणं. रोलेक्सने १९५६ मध्ये अशाच माणसांसाठी मिलगॉस काढलं, हजार गॉस सोसणारं. शेजाऱ्यांना सांगितलं. किंमत विचारली, मी सांगितली. म्हणाले, यंत्रातून फिरवायचे किती लागतात?

२२ ऑगस्ट, पोळा
उस्तादांचा मुलगा म्हणाला, दिवाळीनंतर टेबल काढतोय. सगळा काउंटर मोबाइलचा. "अब्बू घरी बसतील आरामात."
उस्ताद मान खाली घालून कोणाच्या तरी क्वार्ट्झमध्ये सेल टाकत होते.

२३ ऑगस्ट
तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन आली. एकाच्या मनगटावर काटे रंगवलेलं प्लास्टिकचं घड्याळ, दहा वाजून दहा मिनिटं. जाहिरातीतही बहुतेक घड्याळं तीच वेळ दाखवतात.

६ सप्टेंबर
रात्री लाइट गेली. ब्रेलचं झाकण उघडून बोटांनी वेळ पाहिली. पावणेतीन. एचएमटीने हे अंधांसाठी केलं, काच बिजागरीवर उघडते, आकड्यांच्या जागी उठलेले ठिपके. झोपमोड न करता वेळ कळते. माझ्या सगळ्या घड्याळांत हे सर्वांत हुशार.

१४ सप्टेंबर, रविवार
लिलावांचं वाचत बसले. पॉल न्यूमन या नटाची रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कला पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेली. पाटेक फिलिपचं स्टीलमध्ये एकच नग बनवलेलं एक घड्याळ २०१९ मध्ये जिनेव्हात तीन कोटी दहा लाख फ्रँक.
पाटेकचं समजतं. एकच बनवलं, धर्मादायासाठी विकलं. डेटोनाचं वेगळं. ती कारखान्यातून निघाली तेव्हा साधी, दुकानात पडून राहणारी. तिच्या पाठीवर नटाच्या बायकोने कोरून घेतलं होतं की गाडी जपून चालव. लोकांनी त्यालाच पैसे मोजले.
क्रमांक कोरलेल्या घड्याळाला दुर्मीळपणा कंपनी देते, पहिल्या दिवशी, खोक्यासकट. मला तो आता जरा सोपा वाटायला लागलाय. तरी खट् आठवतोच.

१ ऑक्टोबर, बुधवार
स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार आजपासून लागू. स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने जाणार, सात वर्षांत शून्य. नागपूरच्या दुकानात फोन करून मनातल्या घड्याळाची किंमत विचारली. तीच आहे, म्हणाले. "मॅडम, लिमिटेड आहे, थांबाल तर संपेल."

२ ऑक्टोबर
दसरा. सोनं दिलं-घेतलं. उस्तादांना आपट्याची पानं नेऊन दिली. त्यांनी ड्रॉवरात ठेवली, डब्यांशेजारी.

१३ ऑक्टोबर
आरडी मॅच्युअर. खात्यात जमा.

१५ ऑक्टोबर
यांना सांगितलं, कशासाठी जमवले होते ते. रागावतील वाटलं होतं. "मग घे की." मी म्हटलं, विचार करते. "आता कसला विचार? तीन वर्षं नागपूरला गेलो की तू त्या काचेसमोर उभी असतेस." म्हणजे माहीत होतं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
गोल बाजार. गर्दी. उस्तादांच्या मुलाशी बोलले, मग उस्तादांशी. मुलाने भंगाराचा भाव सांगितला, उस्ताद गप्प. मी माझा सांगितला. मुलगा माझ्याकडे पाहतच राहिला.
ड्रॉवर घरी आला. डब्या, कागदी पाकिटांतल्या मेन स्प्रिंगा, काचांच्या चवडी, बॅलन्सच्या दांड्या काचेच्या नळ्यांत, चावीची टोकं, चुंबक काढायचं यंत्र, आपट्याची पानं. चिकटपट्ट्यांवरची उर्दू मला वाचता येत नाही.

१९ ऑक्टोबर
उस्तादांना फोन. पुढच्या रविवारी येतील. टेबल खिडकीशी हवं, उजेड डावीकडून. खाली पांढरी चादर पसरा, म्हणाले, पडलेला स्क्रू दिसला पाहिजे. पंखा नको.
रोजी ठरवली. त्यांनी कमी सांगितली, मी वाढवली, मग दोघांनी मध्येच सोडून दिलं.

२० ऑक्टोबर
आरडीतून उरलेले परत एफडीत टाकले. नागपूरहून फोन आला होता. नको सांगितलं.

२६ ऑक्टोबर, रविवार
उस्ताद आले. आधी डब्या. ते वाचतात, मी देवनागरीत लिहून नवी पट्टी लावते. एकेक नाव दोनदा विचारावं लागतं. दुपारपर्यंत अर्धा ड्रॉवर झाला. जेवताना म्हणाले, हे चाक बसवायला तुम्हीच शिका, माझा उजवा हात सकाळी बरा असतो, दुपारी नाही.
दुपारी मी बॅलन्स उचलून ठेवला. ठेवताना चिमटा निसटला, स्क्रू पांढऱ्या चादरीवर. सापडला.

३ नोव्हेंबर, सोमवार
हयातीच्या दाखल्याचा महिना. सकाळपासून रांग. अंगठा, फोटो, पुढचा. रांगेतली मनगटं पाहते. क्वार्ट्झ सर्वांत जास्त, बरीच टायटन. टायटन आली १९८७ मध्ये, बाजार क्वार्ट्झकडे वळला आणि सेलवाल्या घड्याळांपुढे एचएमटीची चावी मागे पडत गेली. पण या पिढीचं लग्न त्याआधीचं. अधूनमधून जनता दिसतेच, पिवळी पडलेली काच, पट्टा दोऱ्याने शिवलेला. एका आजीच्या हातात नवऱ्याचं सोना, पट्टा सैल, कोपरापर्यंत सरकतो.

१० नोव्हेंबर, सोमवार
आलापल्लीचे आजोबा आले. अंगठा लागला. मी खिडकीतून मनगट पाहिलं. रिकामं.
"घड्याळ नातवाजवळ हाय. पोलीस भरतीची तयारी करून राह्यला."
नातू बाहेर मोटरसायकलवर बसलेला. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशी बोलले. पहाटे उठून धावतो, सोळाशे मीटर. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलं की धावण्याचे पूर्ण गुण. मोबाइल धावताना खिशात आपटतो, म्हणून मित्र रेषेपाशी जनता घेऊन उभा राहतो. काटा बारावर आला की हात खाली करतो.
किती येतं?
"पाच बावीस."
घड्याळ मागितलं, फोनवरच्या ॲपने टिकटिक मोजली. दिवसाला बारा सेकंद पुढे. म्हणजे पाच मिनिटांत एका सेकंदाचा चोविसावा भाग. त्याला सांगितलं, घड्याळाची चूक धरू नकोस, बारा सेकंद तुलाच काढायचे आहेत.